पंज्यात आलेली चावी

विश्वास ठेवायचा तर ठेवा. पण माझ्या मोठ्या जाऊबाई थापा मारणाऱ्यातल्या नाहीत. हे सांगताना त्यांचा आवाज थरथरत होता, तो भीतीनं नाही... संतापानं.

मंगळवार. भर दुपारचे दोन. त्यांचे वडील आणि काका यांचं भागीतलं गॅरेज.

वडील जाऊन एकवीस दिवस झाले होते. गाडी उचलणाऱ्या लिफ्टखाली काम करत होते... आणि लिफ्ट खाली आली.

तिथला नियम एकच. गाडीखाली जाणाऱ्यानं लिफ्टची चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवायची. चावीशिवाय लिफ्ट हलत नाही. वडिलांनी आपल्या चावीला लाल दोरा बांधला होता.

काका मात्र सगळ्यांना सांगत सुटले, "दादा चावी काढायलाच विसरला. ती स्विचमध्येच होती. वय झालं होतं त्याचं."

विसरला? ज्यानं लेकीला पाढ्यांच्या आधी हा नियम शिकवला, तो?

वडिलांच्या खिशात चावी मिळाली नव्हती हे खरं, पण स्विचमधल्या चावीला दोराही नव्हता. "तुटला असेल," म्हणे!

त्या दुपारी काका आणि दोन मेकॅनिक मागच्या खोलीत जेवत होते. वडिलांची हत्यारं आवरताना जाऊबाईंच्या हातून एक नट निसटला आणि टणटणत लिफ्टचा खांब आणि भिंत यांच्यामधल्या फटीत गेला.

जेमतेम दोन बोटांची फट.

लहानपणी अशा फटींत वडील त्यांचा इवलासा हात घालायला लावत. एकदा बोटं सोलवटली. लेकीपेक्षा बापच जास्त रडला, आणि दुसऱ्या दिवशी पंजा घेऊन आला. लांब, वाकणारी स्प्रिंगची दांडी. वरचं बटण दाबलं की टोकाच्या चार नख्या उघडतात, सोडलं की मिटतात.

"आता तुझी बोटं नकोत गं," म्हणाले होते.

जाऊबाईंनी तोच पंजा फटीत सोडला. बटण दाबलं.

टक... टक.

खालून.

गाडीखालून काही हवं असलं की वडील पान्यानं असंच वाजवायचे.

त्यांनी मोबाईलचा उजेड पाडला. तळाशी नट. बाकी कोरडी फरशी.

मग पंजा जड झाला...

पलीकडून कुणी हातात धरावा, तसा.

अंगठा बटणावरून सुटला. नख्या मिटल्या. त्यांनी पंजा वर ओढला.

नट नव्हता.

चावी होती. लाल दोऱ्याची. आणि दोरा... कोमट होता.

घाबरायला हवं होतं. पण त्यांच्या अंगाची लाही लाही झाली.

"काका! बाहेर या आधी!"

काका खरकट्या हातानंच आले. मागोमाग दोन्ही मेकॅनिक.

"ही बाबांची चावी. फटीत होती. मग स्विचमध्ये कुठली होती?"

"डोकं फिरलंय तुझं! त्या फटीत मी तीनदा पाहिलं. नव्हती तिथे!"



"तीनदा?" जाऊबाई म्हणाल्या. "चावी स्विचमध्येच होती ना? मग शोधत काय होतात?"

काकांनी झडप घालून चावी हिसकावली आणि पुन्हा फटीत भिरकावली. "घे! काढ आता!"

टक... टक.

पंजा जमिनीवर पडला होता. कुणाचा हात लागला नव्हता.

त्याच्या नख्या... हळूहळू उघडल्या.

काका मटकन खाली बसले. "गिऱ्हाईक घाई करत होतं... मला वाटलं दादा बाहेर आलाय... डुप्लिकेट चावी माझ्याकडे होती, तीच लावली..."

"मग खापर त्यांच्यावर का फोडलंत? मेलेला माणूस उलटून बोलत नाही म्हणून?"

त्याच दिवशी काकांनी घरोघरी जाऊन खरं सांगितलं. जाऊबाईंनी सांगायला लावलं.

पुढे खांब हलवून फट मोकळी केली. खाली फक्त नट निघाला. चावी नाही.

पंजा आता जाऊबाईंच्या घरी खिळ्याला टांगलेला आहे. बटण दाबल्याशिवाय त्याच्या नख्या उघडत नाहीत, मी स्वतः पाहिलंय. गेल्या रविवारी आम्ही चहा पीत होतो. सहज वर नजर गेली...

चारही नख्या उघड्या.

खरं काय ते तर सगळ्यांना कळलं. मग अजून काय मागतायत तुमचे वडील, मी विचारलं.

जाऊबाई पंज्याकडे बघत एवढंच म्हणाल्या, "मी तरी कुठे माफ केलंय?"