खडकओहोळचा शून्य गाड्यांचा रस्ता

खडकओहोळच्या फाट्यावर गाड्या मोजणारा सरकारी यंत्रमानव सहा दिवस मुक्कामाला होता आणि त्याच्या छातीवरच्या पाटीवर आकडा काय, तर शून्य. दोनशे गाड्यांचं गाव आणि रस्त्यावर एकही गाडी नाही? सातवीतली ओवी चक्रावून गेली.

तिचे आबा मात्र चिंचेखाली मान खाली घालून बसले होते. जन्मभर ते याच रस्त्यावर मैलकुली (रस्त्याची डागडुजी करणारे सरकारी कामगार) होते. साहेब पाहणीला आले की रस्ता झाडून मोकळा ठेवायचा, ही त्यांच्या वेळची रीत. यंत्रमानव येणार म्हटल्यावर त्यांनीच गावाला बजावलं होतं, "पाहुणा येतोय. गाड्या ओढ्याच्या वाटेनं न्या."

"मी वाहनं मोजायला आलोय," यंत्रमानवानं ओवीला सांगितलं. "पेट्रोल भरताना, गाडी घेताना, अगदी साबण घेतानाही लोक कर देतात. राज्याचा कर एका तिजोरीत जमतो. मग विधानसभा अर्थसंकल्प (वर्षाच्या जमाखर्चाचा आराखडा) मंजूर करते. दवाखान्यांना इतके, शाळांना इतके, रस्त्यांना इतके. रस्त्यांचा वाटा पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत जातो, लांबी, अवस्था आणि वर्दळ पाहून. वर्दळ शून्य असेल, तर रस्ता दुरुस्तीच्या यादीत तळाला."

या रस्त्यावरचा पूल खचल्यापासून हलक्या गाड्याच कशाबशा जायच्या, शाळेची बस गावात येत नव्हती. ओवी रोज शाळेसाठी चार किलोमीटर चालायची.

"ज्या रस्त्यावर हयात घालवली, त्याच्याच मुळावर मी उठलो गं," आबा तिला हळूच म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "उद्या सगळ्यांना दहा-दहा फेऱ्या मारायला लावतो."

"आबा, तिजोरी एकच आहे ना? आपण आकडा फुगवला, तर दुसऱ्या गावाचा पूल राहील."

तरुणपणी आबाही इथंच तंबूत बसून गाड्या मोजायचे, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. एकदा सरपंचांनी चहा पाजून दहा रेघा वाढवायला सांगितल्या होत्या. आबांनी चहा तेवढा प्यायला. ही गोष्ट ओवीला तोंडपाठ होती.

आबांनी उठून यंत्रमानवाला खरं काय ते सांगून टाकलं.

"मग ही मोजणी रद्द," तो म्हणाला. "उद्यापासून नव्यानं सात दिवस. गाव रोज चालतं तसंच चालू द्या."

सकाळी आबांना गिरणीत दळण न्यायचंच होतं. घमेलं बांधून ज्या सायकलवरून ते खड्डे बुजवायला जायचे, तीच त्यांनी बाहेर काढली.

"सायकल मोजतोस का रे बाबा?"

"रस्त्यावरचं प्रत्येक वाहन मोजतो, आजोबा."

पाटीवर एकचा आकडा उमटला. आबा खाली उतरले आणि त्यांनी बोटानं धुळीत एक उभी रेघ ओढली. मागून दुधाची गाडी येत होती. ओवीनं वाकून दुसरी रेघ ओढली आणि पुलाकडे पाहिलं.