बिनवासाची वडी

"साबणात माती? अवो मॅडम, माती धुवायलाच साबण लागतो की!"

हेमावती हसली नाही. दिवसभर कॉलेजच्या ऑफिसात बसायचं, शनिवारी संध्याकाळी 'सात रस्ता' चौकात साबणांचं टेबल मांडायचं… पाय नुसते भरून आले होते. तिनं बाटलीतलं पाणी समोरच्या माणसाच्या ऑइलनं माखलेल्या हातांवर ओतलं आणि मुलतानी मातीची वडी पुढे केली.

फेस आला. काळा झाला. मग पांढरा.

"आयला…" तो हातांकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. जरा जास्तच वेळ.

दिग्विजय. मूळचा वैरागचा, एसटी डेपोत मेकॅनिक.

मग दर शनिवारी तो यायचा. वडी नाकाशी धरायचा, डोळे मिटायचा.

"लई भारी वास!"

"कसला, सांगा बघू?"

"भारी… तुमच्या हातचा."

तिला हसू फुटायचं, तेवढं एकच. त्यावर तिचा आठवडा निघायचा.

—

माती आधी भिजवायची. कोरडी टाकली तर ती साबणातलं पाणी पिते, वडीला भेगा पडतात. हेमावतीला हे झोपेतही ठाऊक होतं.

तरी ऑडिटच्या दिवसांत एकदा कोरडीच टाकली. माती वास धरून ठेवते खरी, पण वाळ्याचं, खसाचं अत्तर बाटलीतच राहिलं, तर ती धरणार काय?

त्या वड्या टेबलावर आल्या, त्या शनिवारी गिऱ्हाइकं हुंगून परत ठेवत होती. तिनं ठरवलं, आज शेवटचं. साचे माळ्यावर टाकायचे. बस झालं.

तो आला. वडी नाकाशी. डोळे मिटलेले.

"लई भारी वास!"

"यात वास नाहीच," ती म्हणाली. "टाकायचा राहिला."

त्यानं झटकन डोळे उघडले.

"म्हणजे इतके दिवस… नुसतं तोंडदेखलं? मला वाटलं होतं, एक तरी माणूस— जाऊ दे. उद्यापासून मी हे बंदच करतेय."

"बंद? न्हाय, ऐका की…" त्यानं वडी खाली ठेवली. "मला वासच येत न्हाय. तापातनं उठलो तवापासनं. चहाचा न्हाय, डिझेलचा बी न्हाय."

"मग हुंगता कशाला?"

"तुमी इचारता, कसला वास. मी कायबी सांगतो. मग तुमी हसता." तो मान खाली घालून बोटं चोळू लागला. "त्याच्यापायी येतो मी. साबणानं हात निघत्यात, ते निराळं."

हेमावती खुर्चीवर बसली. टेबल मांडल्यापासून पहिल्यांदा.

"दमलाय तुमी. बसा. आज मी इकतो."

आणि तो मोठ्यानं ओरडला, "घ्या साबण! भेगा पडल्यात, वास न्हाय… हात मातुर झक्क निघतो!"

"अहो, हळू!"

"आता खरंच बोलायचं की."

दोन मुली खिदळत थांबल्या. वड्या घेऊन गेल्या.

ती हसली. आज वास न विचारताच.

"खसाचा कसा असतो, सांगू?"

"सांगा."

"उन्हातून आल्यावर… माठातलं गार पाणी. तोंडाला लावायच्या आधीचं."

त्यानं डोळे मिटले. मागं बस हॉर्न देत गेली.

"आला?"

"न्हाय," तो म्हणाला. "पर तुमी सांगत ऱ्हावा."

तिनं टेबल आवरायला घेतलं. टेबलावरच्या चादरीचं एक टोक त्यानं धरलं, एक तिनं.

"घरी गेल्या गेल्या माती भिजत घालायला हवी," ती म्हणाली.