तीन म्हटल्यावर

"त्याला मारलंत तर तो आणखी रुसेल."

सोमवारी सकाळी दारातून आवाज आला तेव्हा माझा हात खरंच रेडिओच्या डब्यावर होता. मारत नव्हते हो मी! थोपटत होते... जरा जोरात. वळून पाहिलं, तर खांद्यावर केबलचं भेंडोळं आणि कमरेला मोजपट्टी लावलेला एक उंच माणूस. गच्चीवर आमच्या दोन अँटेना बसवायला आलेला. त्याचा जोडीदार त्याला मोजपट्टीच म्हणायचा, मग मीही तेच म्हणू लागले.

"तुमचं काम वर आहे," मी फणकारले.

"वरचा जिना या खोलीतूनच जातो," तो म्हणाला, हसला आणि गेला. मला उगीचच राग आला. राग दुपारपर्यंत गेला, ते हसू मात्र काही जाईना.

माझं दुखणं असं होतं. आमच्या रेडिओची निम्मी कामं माझा प्रोग्राम करतो. डबा एक, चॅनेल दोन, अँटेना दोन. दोन्हींच्या लाटा जुळल्या, म्हणजे आमच्या भाषेत फेज जुळली, की सिग्नल नदीपलीकडच्या दवाखान्यापर्यंत ठणठणीत पोचणार. नाही जुळली तर एक लाट वर, एक खाली, आणि तिकडे शुकशुकाट. डबा चालू करावा तर दरवेळी फरक नवाच! कधी चाळीस अंश, कधी एकशे सत्तर. शुक्रवारी साहेबांसमोर चाचणी होती. फसली, तर माझं दोन वर्षांचं काम दुसऱ्या गटाकडे जाणार होतं. आणि हो, शुक्रवारीच मोजपट्टीही पुढच्या गावी जाणार होता. पण त्याचं मला काय?

बुधवारी माझं डोकं फिरलं. "तुमच्या केबलच लहानमोठ्या आहेत!"

तो तडक वर गेला, दोन्ही केबल सोडवून आणल्या, फरशीवर शेजारी शेजारी अंथरल्या आणि माझ्यासमोर मोजल्या. नखभरही फरक नाही.

"चुकलं माझं," मी पुटपुटले.

"परत म्हणा."

"ऐकू नाही आलं?"

"आलं की. आवडलं."

त्या संध्याकाळी ताई म्हणाली, "दोन दिवस झाले, तुझ्या तोंडी रेडिओ कमी आणि मोजपट्टीच जास्त."

"कामाचं बोलतेय गं!"

"हो का? मग कामाला एवढी लाजतेस कशाला?"

गुरुवारी सकाळी मी गच्चीवर गेले. हवा खायला, दुसरं काही नाही! मोजपट्टी आणि त्याचा जोडीदार दुसऱ्या अँटेनाचा खांब पाया पक्का करून पुन्हा उचलत होते. "एक... दोन... तीन!" आणि खांब अलगद उभा.

"एकाला आधी सांगितलं, दुसऱ्याला मग, तर?" मी सहज विचारलं.

"मग खांब वाकडा, आणि एकाची कंबर कामातून गेली. तीन म्हटल्यावरच उचलायचं, हे आधी ठरवून ठेवावं लागतं." त्यानं कपाळ पुसलं. "का? तुमच्या दोन चॅनेलना कोण सांगतं?"

"मीच. आधी पहिल्याला... मग..."

अगं बाई!

मी जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. माझा प्रोग्राम पहिल्या चॅनेलला 'नीघ' म्हणत होता आणि मग दुसऱ्याला. मधला वेळ पापणी लवण्याइतकाही नव्हता, पण तेवढ्यात लाटेच्या किती फेऱ्या होतात! आणि तो वेळ कधीच सारखा नसायचा. मी दोघांनाही एकच क्षण आधी ठरवून दिला: तेव्हाच जुळवायचं, तेव्हाच निघायचं. डबा दहा वेळा बंद केला, दहा वेळा चालू केला. दरवेळी बावीस अंश.

तो दारात येऊन उभा होता. "गेला फरक?"

"नाही. पण आता दरवेळी तोच आहे. तेवढा सांभाळून घेता येतो." मी प्रोग्राममध्ये बावीस वजा केले.

शुक्रवारी दवाखान्यातून फोन आला, "अगदी स्पष्ट येतंय!" साहेब म्हणाले, "पुढचं कामही तुमच्याकडेच." मी नाचायला हवं होतं. पण खिडकीतून दिसलं, खाली गाडीत सामान चढत होतं. मी धावत खाली गेले.

"निघालात?"

"हो... काही सांगायचं होतं का?"

"तुम्हाला?"

तो हळूच म्हणाला, "असं करू. तीन म्हटल्यावर दोघांनी एकदम सांगायचं. एक..."

"दोन..." मी म्हणाले.

"तीन!"

"जाऊ नकोस, मला तू आवडतोस!" मी एका दमात सांगून टाकलं. गाडीतला जोडीदार मोठ्यानं खोकला.

आणि हा? ओठ घट्ट मिटून उभा!

"लबाडा! फसवलंस!" मी त्याच्या दंडावर मारलं. या वेळी खरंच मारलं.

"दोघं एकदम बोललो असतो, तर तुझं मला नीट ऐकू कसं आलं असतं?" त्यानं माझी मूठ हातात धरली ती सोडलीच नाही. "आमच्या मुकादमाला सकाळीच सांगितलंय. इथला खांब दर सोमवारी तपासायला मी येणार."

"दर सोमवारी? खांबाला काय धाड भरलीय?"

"खांबाला काही नाही झालेलं, मला झालंय." त्याचे कान लाल झाले होते. "आवडतेस तू मला. तू त्या डब्याला बडवत होतीस ना... तेव्हापासून."

"मग सोमवारीच सांगायचं होतंस!"

"चार दिवसांचा फरक पडला खरा," तो म्हणाला. "तेवढा सांभाळून घे."

मी घेतला.