समोर नसलेली दाढ

जयवंतबुवांनी खुर्चीत मान टेकवली आणि सवयीने उपरणं पोटावर आवरून घेतलं. खिडकीखाली मुलुंडचा भाजीबाजार ऐन सकाळच्या भरात होता.

"काका, आ करा. मोठ्ठा, कीर्तनात करता तसा."

नमिता त्यांच्याच सोसायटीत वाढलेली, आता दातांची डॉक्टर. चार महिन्यांपूर्वी तिनेच बुवांच्या वरच्या दाढेवर सिरॅमिकची कॅप बसवली होती. आत बघितलं आणि तिने दिवा जवळ ओढला.

"रात्रंदिवस सुपारी फोडता का हो?"

"खडे चावतो. बोल ना, काय झालं?"

"वीस वर्षं वापरल्यासारखी झिजलीय. सिरॅमिक असं झिजत नाही, काका. ते समोरच्या दाताला झिजवतं. आणि तुम्हाला तर समोर..."

समोर, म्हणजे खाली, दाढ नव्हतीच. बारा वर्षांपूर्वी काढलेली.

"ते मरू दे. चरण गाऊन थांबलो की तोंडात करकर होते गं. पहिल्या रांगेतले कान टवकारतात. शनिवारी पुन्हा झाली, तर मला कीर्तनाला उभं कोण करेल?"

बुवा थांबले की मागून चरण उचलायचा तो धर्मा, त्यांचा धाकटा भाऊ. तीस वर्षं त्याने पाठ राखली. गेल्या वर्षी बुवांनीच विश्वस्तांच्या कानात घातलं, त्याचा सूर गेला, दुसरा बघा. धर्मा अंघोळ करून, टाळ घेऊन देवळात आला, तेव्हा त्याच्या जागी परका माणूस उभा होता. त्यानंतर त्याने बुवांशी एक शब्द काढला नाही. तीन महिन्यांपूर्वी, त्याच्या शेवटच्या घटकेला बुवा तोंडात तुळशीपत्र घालायला गेले, तर त्याने दात आवळून धरलेले. दाढा करकरत होत्या. गंगाजल गळ्यावर ओघळलं. बाहेर येऊन बुवांनी त्याच्या बायकोला, शकुला सांगितलं, "घेतलं गं त्याने. शांत गेला."

नमिताने दाब तपासायचा निळा कागद दाढेखाली धरला. "चावा."

खाली नुसती मऊ हिरडी.

कागद बाहेर आला. त्याला आरपार भोक होतं.

"काढ ती कॅप," बुवा म्हणाले.

तिने मशीनने कॅप चिरली. दोन तुकडे स्टीलच्या ट्रेमध्ये, कापसावर ठेवले. मशीन बंद केलं.

"आ तसाच ठेवा हं."

बुवांनी जबडा ताणून धरला.

करकर सुरू झाली.

"मी... नाही... चावत," ते उघड्या तोंडाने म्हणाले.

नमिता त्यांच्याकडे बघत नव्हती. ट्रेमधले तुकडे जागच्या जागी होते. कापसावर, त्यांच्या कडेने, पिठासारखी पांढरी भुकटी साचत चालली होती.