मामांचा ‘सम्राट’ आणि ताईचं ‘गाजर’

“खुंटी अशी धरायची, आणि पातं नेहमी अंगापासून लांब ढकलायचं!” ताई म्हणाली. सर्रकन लाकडाची एक साल उडाली आणि नेमकी मामांच्या बुटात जाऊन पडली.

बूट रिकामा असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण बुटात मामा होते.

“हे काय चाललंय?” मामा कडाडले.

“तंबूच्या खुंट्या तासतोय, मामा. रविवारी तलावातल्या बेटावर मुक्काम आहे ना आमचा!”

रविवारच्या मुक्कामासाठी तिघांनी सुट्टीभर मामांचं डोकं खाल्लं होतं. ताई सगळ्यांत मोठी, म्हणून मोहिमेची प्रमुख. तिचा भाऊ शंकासुर. समोर ताट आलं तरी त्याला आधी शंका यायची. आणि मामांची मुलगी टाचणी, अंगानं बारीक आणि बोलायला तशीच टोकदार.

मामांची नजर ताईच्या हातावर गेली. “आणि हे पुन्हा बाहेर? याला चाकू म्हणायचं?”

“गाजर आहे ते!” टाचणी म्हणाली.

चाकूला नारिंगी प्लॅस्टिकची मूठ होती, गवतात पडला तरी चटकन दिसावी म्हणून. हार्डवेअरच्या दुकानात नळाच्या तोट्या आणि कुलपं यांच्यामध्ये तो टांगलेला होता. ताईला तो देताना तिचे बाबा म्हणाले होते, “हा तुला देतोय म्हणजे तुझ्यावर भरवसा टाकतोय.” तेव्हापासून ताई गाजराला जिवापाड जपायची. रोज पुसायची, दगडावर धार लावायची, काम झालं की लगेच म्यानात घालायची.

मामांची तऱ्हाच वेगळी होती. ते दातांचे डॉक्टर. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा दवाखाना, मागे मामींची रोपवाटिका आणि मधल्या खोलीत काचेचं कपाट. त्यात निळ्या मखमलीवर मामांचे चाकू आरामात पहुडलेले असायचे. प्रत्येकाला नाव होतं. वज्र, भुजंग, राजहंस आणि सगळ्यांचा राजा सम्राट! सम्राटची मूठ शिंपल्याची, पात्यावर नाजूक वेलबुट्टी. या मंडळींनी जन्मात काही कापलं नव्हतं. लिंबूसुद्धा नाही!

“माझ्या घरात, माझ्या कपाटाशेजारी हे असलं खेळणं?” मामांनी किडका दात चिमट्यात धरावा तसं दोन बोटांनी गाजराचं पातं धरलं. “जप्त!”

“मामा, पण खुंट्या...”

“जप्त म्हणजे जप्त! दवाखान्याच्या कपाटात राहील.”

ताईच्या हातात फक्त रिकामं म्यान उरलं होतं आणि तिला फार वाईट वाटलं.

* * *

सकाळी घर जागं झालं ते मामांच्या किंकाळीनं.

“सम्राट! माझा सम्राट गेला!”

सगळे धावले. काचेच्या कपाटात निळ्या मखमलीवर एक जागा रिकामी होती. तिच्या शेजारी, काल संध्याकाळी पार्सलनं आलेली नवीकोरी ‘महाराणी’ दिमाखात विराजमान झाली होती.

“कपाट फोडलंय का?” मामींनी विचारलं.

“नाही! कुलूप जसंच्या तसं! किल्ली माझ्या गळ्यात!” मामांनी वळून ताईकडे पाहिलं. “काल मी कुणाचा तरी चाकू घेतला. आज माझा गेला. मी काही आंधळा नाही.”

ताईचा चेहरा उतरला. “मामा, मी नाही घेतला!”

“सम्राट परत येत नाही तोवर बेट नाही, तंबू नाही, काही नाही! आणि तुझं ते गाजरसुद्धा नाही!” असं म्हणून मामा पेशंट बघायला गेले. त्या पेशंटचा विचार न केलेलाच बरा.

“चोर म्हणाले ते मला,” ताई पुटपुटली. “सरळ नाही म्हणाले, पण म्हणालेच.”

“मग खरं काय ते शोधू या की!” टाचणीनं कंबर कसली.

“पण मला एक शंका आहे,” शंकासुर म्हणाला.

“आलीच का!”

“ऐका तर! काल मामांनी महाराणीचं पार्सल उघडलं कशानं?”

महाराणीचं खोकं चांगलं मोठं होतं आणि त्यावर तपकिरी चिकटपट्टीचे इतके वेढे होते, की खोक्याला मलमपट्टी केलीय असं वाटावं. हातानं ते उघडणं शक्यच नव्हतं.

“कात्रीनं?” टाचणी म्हणाली. “पण कात्री तर आईबरोबर रोपवाटिकेत असते, आणि स्वयंपाकघरात नुसती विळी.”

“दातांनी?”

“वेडा आहेस का? या घरात?”

या घराचा एकच कडक नियम होता. दातांनी काहीही उघडायचं नाही! तो दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेला होता, स्वयंपाकघरात लिहिलेला होता आणि कहर म्हणजे न्हाणीघराच्या दारावरही होता. त्यामुळे बिस्किटाचा पुडा असो की शाम्पूची पुडी, सगळं घर हळूच ताईकडे यायचं आणि म्हणायचं, “जरा गाजर दे गं!” मामासुद्धा यायचे. फक्त ते इकडेतिकडे बघून यायचे.

“पण काल गाजर दवाखान्यात बंद होतं,” ताई सावकाश म्हणाली, “आणि तिथली किल्ली घेऊन मदतनीस मावशी घरी गेल्या होत्या. म्हणजे मामांच्या हातात पार्सल, चाकू एकही नाही, आणि समोर कपाट...”

“चाकूंनी भरलेलं!” दोघं एकदम ओरडली.

टाचणी टेबलाखाली शिरली आणि चिकटपट्टीचा तुकडा घेऊन बाहेर आली. ताईनं तो उजेडात धरला. कडा नीट कापलेली नव्हती, उंदरानं कुरतडल्यासारखी होती.

“बोथट चाकूनं करवतल्यासारखं दिसतंय,” ताई म्हणाली. “गाजरानं असं कधीच होत नाही.”

“म्हणजे बाबांनी सम्राटनं खोकं उघडलं,” टाचणी भराभर बोलू लागली, “महाराणी दिसली, बाबा हुरळले, सम्राट तिथेच खोक्यात ठेवला आणि...”

“खोकं कुठंय?” शंकासुरानं विचारलं.

खोक्यात लाकडाचा कीस भरलेला होता, आणि लाकडाचा कीस दिसला की मामींचे डोळे चमकत. रोपांच्या कुंड्या पाठवताना मधे भरायला त्या तो हमखास उचलत.

तिघं धूम पळाली!

* * *

मामी तलावाच्या धक्क्यावर होत्या. मोटरच्या होडीत कुंड्यांची खोकी दोरीनं बांधून रचलेली होती. पलीकडच्या काठावरच्या नव्या बागेत आज रोपं पोचवायची होती.

“कालचा कीस ना? भरला की. कुठल्या खोक्यात ते मात्र विचारू नका!”

बातमी कळताच मामा पांढऱ्या कोटातच धावत आले. “मी? सम्राटनं चिकटपट्टी कापली? शक्यच नाही!” मग त्यांना बहुधा कालची संध्याकाळ आठवली. त्यांचे कान लाल झाले. “म्हणजे... एकदाच. हलक्या हातानं. चला, होडी सोडा! मी वाटेतच खोकी बघतो!”

“थांबा,” ताई म्हणाली. “होडीवर कामाचा चाकू हवा.”

मामांनी कोटाच्या खिशावर थाप मारली. “महाराणी आहे बरोबर!”

“अहो, द्या तिचं गाजर,” मामी म्हणाल्या. “नाहीतर बसा इथेच.”

टाचणी पळत जाऊन दवाखान्यातून गाजर घेऊन आली. सगळ्यांनी लाइफ जॅकेटं चढवली आणि होडी निघाली.

तलावाच्या मध्यावर आल्यावर मामांना धीर निघेना. त्यांनी एका खोक्याची दोरी ओढली, सोडली आणि मागे न बघता पाण्यात भिरकावली. मग दुसऱ्याची.

“मामा, दोरी पाण्यात...” शंकासुर सांगू लागला.

“शंका नंतर!” मामा कीस उपसत ओरडले. “सापडला! सम्राट! माझा राजा!”

त्याच क्षणी होडीचं मशीन घरघरलं, खोकलं आणि बंद पडलं.

“दोरी मशीनच्या पंख्यात अडकली!” मामी ओरडल्या. त्यांनी मशीन पाण्याबाहेर उचललं. पंख्याभोवती नायलॉनच्या दोरीचा घट्ट गुंता बसला होता. वारा होडीला काळ्या खडकांकडे ढकलत होता आणि खडक काही रोपवाटिकेची गिऱ्हाइकं नव्हते, की रोपं सांभाळून उतरवून घेतील!

“शंकासुरा, वल्हं घे! खडक जवळ आला की रेटून धर!” मामी म्हणाल्या. “अहो, कापा ना दोरी!”

मामांनी सम्राट दोरीवर घासला. घास घास घासला. दोरीला गुदगुल्यासुद्धा झाल्या नसतील.

“याला धारच नाहीये, बाबा!” टाचणी म्हणाली.

“धार कशी लावणार? धार लावली की तो वापरलेला होतो!”

“मग महाराणी काढा!”

मामांनी महाराणी ओढली. ती म्यानातून बाहेर येईना. मामांनी पाय रोवले, गाल फुगवले, जोर लावला आणि फट्‌कन मूठ हातात आली. पातं मात्र म्यानातच राहिलं! मामा खुल्या खोक्यात बसले ते थेट गुलाबाच्या रोपांवर.

“आई गं!”

खडक आता अगदी जवळ दिसत होते. शंकासुर वल्हं सरसावून उभा होता आणि या वेळी त्याला एकही शंका नव्हती.

“मामी, मशीन नक्की बंद?” ताईनं विचारलं.

“बंद! किल्ली माझ्या हातात आहे.”

“टाचणे, माझं जॅकेट मागून घट्ट धर.” ताई वाकली. तिनं दोरीचा एक पदर वेगळा केला, गाजराचं पातं त्याखाली सरकवलं आणि अंगापासून लांब ढकललं. कट्‌! एक पदर तुटला. कट्‌! दुसरा. तिनं जराही घाई केली नाही. सगळा गुंता सुटून हातात आला, तसं तिनं गाजर म्यानात घातलं आणि मगच ओरडली, “झालं!”

शंकासुरानं वल्हं खडकाला टेकवून सगळं बळ लावलं. मामींनी मशीन खाली सोडून चालू केलं. होडी गर्रकन वळली आणि मोकळ्या पाण्यात आली.

मामा अंगातले काटे काढत होते.

“ताई,” ते शेवटी म्हणाले, “मी तुझ्यावर आळ घेतला. चुकलो मी.”

“अहो, दोरी पाण्यात टाकलीत तेही सांगा,” मामी म्हणाल्या.

“तेही चुकलो.”

“आणि गुलाब?”

“गुलाबांनी मला शिक्षा केलीये,” मामा म्हणाले आणि सगळे खो खो हसले. हसता हसता ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग मामींनी ताईला जवळ घेतलं. “माझी रोपं तुम्ही तिघांनी वाचवलीत, आणि आपण सगळेही वाचलो. अशी मुलं असली की बेटावर पाठवायला भीती कसली?”

* * *

रविवारी संध्याकाळी बेटावर दोन तंबू उभे होते. दुसरा मामा-मामींचा! मामांना आयत्या वेळी मुलांची काळजी वाटू लागली होती, असं त्यांचं म्हणणं होतं.

“मी ठरवलंय,” मामा म्हणाले, “गाजराला काचेच्या कपाटात मानाची जागा द्यायची. सम्राटच्या शेजारी!”

“नको हं, मामा!” ताई दचकली. “ते तिथे झोपलं तर खुंट्या कोण तासणार?”

मामांनी मान डोलावली. मग त्यांनी बिस्किटांचा पुडा घेतला, थोडा वेळ चाचपला आणि अगदी नकळत तोंडाकडे नेला.

“बाबा!” “मामा!” “अहो!”

“पाहत होतो, लक्ष आहे का तुमचं!” मामा गडबडीनं म्हणाले. त्यांनी खिशातून एक चाकू काढला. साधा, हिरव्या प्लॅस्टिकच्या मुठीचा. तोही त्याच हार्डवेअरच्या दुकानातला!

“याचं नाव काय? शहेनशहा?” शंकासुरानं विचारलं.

“काकडी,” मामा लाजत म्हणाले.

मुलं गवतावर लोळून हसली. मामांनी काकडी म्यानातून काढली, क्षणभर थांबले आणि पातं आपल्याकडे, मूठ ताईकडे करून ती पुढे धरली.

“पहिला पुडा तू उघड,” ते म्हणाले. “आणि मग मला धार लावायला शिकव.”