त्याला मी मुकी वाटले

तैवानमधल्या या कीलुंगच्या पावसाला लाजच नाही मेल्याला! छत्री उलटली, मी धावत बंदराजवळच्या एका सूपच्या टपरीत शिरले, आणि पातेल्यामागून आवाज आला, "या, बसा. तिखट चालेल ना?"

हा आवाज! जीव नकोसा झालेल्यांच्या हेल्पलाइनवर मी फोन घेते, तिथे दर गुरुवारी दुपारी ऐकते, तोच. धाकट्या भावाला आपणच मासेमारीच्या बोटीवर पाठवलं, तो परतला नाही, आता आपल्यालाही जगायचं नाही... असं थकून सांगणारा. आमच्याकडे कुणी कुणाला नाव विचारत नाही. मी तोंड उघडलं असतं, तर त्याने मला ओळखलं असतं. मग त्याने पुन्हा फोन केलाच नसता... आणि नाही केला तर?

मी नुसती मान डोलावली.

"बोलता येत नाही का तुम्हाला?" त्याने इतक्या मायेने विचारलं, की मी पुन्हा मान डोलावली. काय करणार!

तिकडे परत फिरकायचं नाही, एवढं मला कळत होतं. पण दुसऱ्या दिवशी पाय तिकडेच वळले. वेडी कुठली! त्याने माझ्या वाडग्यात माशाचे दोन गोळे जास्त टाकले, तर शेजारची फळवाली ओरडली, "त्सुंग-यू, सगळे तिलाच घाल! आम्ही पाणी पितो!" तो कानापर्यंत लाल झाला. मीही.

गुरुवारी फोन वाजला.

"हसू नका हं," तो म्हणाला. "एक मुलगी येते. बोलत नाही. पण ती हसली ना, की मला भूक लागते."

"मग... सांगा ना तिला तुमचं सगळं."

"छे! तिला काही माहीत नाही, म्हणून तर तिच्यासमोर हसतो मी. रडायला तुम्ही आहात. दोघी आहात म्हणून चाललंय माझं."

दोघी!

आणि दोनच दिवसांनी त्याने काय करावं? टपरीत मी एकटीच होते. त्याने हात पुसले, माझ्यासमोर उभा राहिला, आणि पुस्तकात बघून शिकलेल्या खुणा चुकत-माकत करू लागला. आधी माझ्याकडे बोट. मग स्वतःच्या छातीवर हात...

मला सहन होईना. "थांब," मी म्हटलं. "मला बोलता येतं, त्सुंग-यू."

त्याचे हात तसेच हवेत राहिले. "तुम्ही? फोनवरच्या?"

"हो, मीच. सगळं ऐकलंय मी तुझं. आणि तरी... फार आवडतोस तू मला."

"आणि रोज इथे बसून बघत होतीस? कीव करायला?"

"नाही रे! शपथ नाही!"

"माझ्या दोन्ही जागा गेल्या," तो हळूच म्हणाला. त्याने गॅस बंद केला, मला बाहेर जाऊ दिलं आणि शटर ओढलं.

मी धावत हेल्पलाइनच्या ऑफिसात गेले आणि तिथल्या सू-चिन मावशींना सगळं सांगितलं. "अगं बावळट, पहिल्याच दिवशी सांगायचंस ना!" त्या चिडल्या. मग जवळ घेऊन म्हणाल्या, "आता त्याचा फोन मी घेईन." टपरी रोज बंदच दिसायची. फळवालीलाही काही ठाऊक नव्हतं. माझ्या मनात नाही नाही ते यायचं, घास उतरायचा नाही.

गुरुवारी मी मावशींच्या शेजारी नुसती बसून राहिले. फोन वाजायचा, दुसऱ्याच कुणाचा निघायचा. दुपार कलली. मग एका फोनवर मावशी एकदम ताठ बसल्या.

"हो, ऐकतेय... नाही, त्या नाहीत आता या लाइनवर. मी आहे ना. रडलात तरी चालेल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची पलीकडे वळवली.

जिवंत होता तो! मी तोंडात बाही कोंबली. मावशी कितीतरी वेळ नुसत्या हं, हं करत होत्या. शेवटी त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाला?"

"ते सांगता येत नाही. नियम आहे ना?"

"माझ्याबद्दल काही...?"

"ते तर मुळीच नाही," मावशी हसत म्हणाल्या, आणि डोळे पुसू लागल्या.