किडलाट गुडघे का टेकेना?

“बस ना रे! उद्या गावासमोर माझं नाक कापणार आहेस का?” लुनिंगने आपल्या रेड्याचा कान ओढला.

किडलाट म्हणजे त्यांच्या भाषेत वीज. चाल मात्र गोगलगायीची! चर्चच्या दारात तो निवांत रवंथ करत होता. शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो, त्याच्या सणाची तालीम चालली होती. घंटा झाली की गावचे रेडे संतापुढे गुडघे टेकत, आणि पहिला मान लुनिंगच्या आजोबांचा, लोलो आम्बोंचा. आज एकही रेडा टेकेना!

“संप केलाय वाटतं!” लुनिंगचा मावसभाऊ पुलोंग खिदळला.

“म्हातारे झाले तुमचे रेडे!” गावचे प्रमुख, कप्तान सेलो गरजले. त्यांच्या जमेला आवाज भरपूर. ऐकून घेण्याचं खातं कोरं. “उद्या मिरवणुकीत पुढे माझा ट्रॅक्टर!”

लोलोंनी टोपी काढली आणि ते ती पुसत राहिले. लुनिंगच्या ते जिव्हारी लागलं.

टण्! टण्! घंटा पुन्हा वाजली. किडलाटने माशी हाकलली.

“पुलोंग, घंटा वाजली की अनवाणी पायांना फरशी थरथरलेली कळते ना? आज कुठे कळली?”

पुलोंगने फरशीला तळवा लावला. “थंडगार! अगं, आवाज तर दारावरच्या त्या भोंग्यातून येतोय!”

दोघं धापा टाकत मनोऱ्यावर पोहोचले. युद्धात गावाने नदीच्या गाळात लपवून वाचवलेली घंटा जागेवरच होती. पण तिचा लोलक पताकांच्या दोरीने करकचून बांधलेला! कप्तानांना दोरीसाठी खुंटी हवी होती, म्हणून घंटेचं काम त्यांनी ध्वनिफितीवर सोपवलं होतं.

“आत्ता सांगितलं तर ऐकतील?” पुलोंगने विचारलं.

“ते? उद्या घंटाच सांगेल!”

दुसऱ्या दिवशी चौक फुलला. कप्तान ट्रॅक्टरवर चढले.

“कप्तान, आधी एक संधी रेड्यांना द्या ना!” लुनिंग गोड आवाजात म्हणाली.

“दिली! मग फजिती झाली तर रडू नका म्हणजे झालं!”

लुनिंगने रुमाल हलवला. वर मनोऱ्यात पुलोंगने लोलक सोडला, दोरी कठड्याला बांधली आणि घंटेला जोर लावला.

घण्ण्ण! फरशी थरथरली. किडलाटने कान टवकारले, एक गुडघा टेकला, मग दुसरा. त्याच्यामागे सारी रांग वाकली! चौकात टाळ्यांचा कडकडाट झाला. पुलोंगची गाठ मात्र त्याच्यासारखीच ढिली. पताका सुटल्या त्या थेट कप्तानांच्या डोक्यावर!

“चुकलोच!” पताकांतून नाक काढत ते म्हणाले. “शाब्बास, पोरांनो! घंटेला आता कुणी हात लावणार नाही.”

“वाजवायलासुद्धा?” पुलोंग वरून ओरडला.

लोलो मात्र लुनिंगपाशी आले. “रेड्याने गावाची घंटा ओळखली,” ते म्हणाले, “आणि तू रेड्याला. चल, पुढे हो!”

त्यांनी आपली टोपी तिच्या डोक्यावर ठेवली. टोपी नाकापर्यंत आली. लुनिंगने ती वर सारलीच नाही. मान ताठ करून, किडलाटची दोरी धरून ती सगळ्यांच्या पुढे निघाली.